एकाच माणसाचा लिव्हर स्कोअर एकीकडे 'ए५', दुसरीकडे 'बी७': खरा कुठला धरायचा?

बेदाणा_तासगाव

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. नेटवर वैद्यकीय सल्ला मागू नये हे कळतं, म्हणून उपचार कुठला घ्यावा हे विचारत नाहीये. मला फक्त एक आकडा समजून घ्यायचाय.

वडील ६७ वर्षांचे, तासगाव तालुक्यात द्राक्षबाग. दारूचा थेंब नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण लिव्हर म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न तोच असतो. भावकीतल्या दोघांनी तर आईला बाजूला घेऊन विचारलं. त्यांना हिपॅटायटिस बी आहे. रक्तदान शिबिरात कळलं होतं, त्रास काहीच नव्हता, त्यामुळे पुढे कुणी पाठपुरावा केला नाही. यंदा ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास उजव्या कुशीत जड वाटायला लागलं. सोनोग्राफीत गाठ दिसली. मग ट्रिपल फेज सीटी: ७ सेंमीची गाठ, पोर्टल व्हेनच्या (लिव्हरला रक्त नेणारी मोठी शीर) उजव्या फांदीत गाठीचाच शिरकाव, बाकी लिव्हर सिरॉसिसचं (व्रणांनी कडक झालेलं). एएफपी (रक्तातली लिव्हर कॅन्सरची खूण) वाढलेलं. बायोप्सीची गरज नाही, चित्रावरूनच लिव्हर कॅन्सरचं निदान पक्कं आहे म्हणाले.

आता गोंधळ. पहिल्या हॉस्पिटलच्या केस पेपरवर लिहिलंय 'चाइल्ड-प्यू ए५' (लिव्हर किती काम करतंय त्याचा स्कोअर). पंधरवड्याने दुसरं मत घ्यायला गेलो, तिथे लिहिलं 'बी७'. पहिले डॉक्टर म्हणाले इम्युनोथेरपीचा विचार करू. दुसरे म्हणाले, लिव्हर बी मध्ये आहे, जपून जावं लागेल. पंधरा दिवसांत लिव्हर इतकं घसरतं का?

आकडे असे. पहिल्या वेळी बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) १.३, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) ३.६, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा) १.३, पोटात पाणी नाही. दुसऱ्या वेळी बिलिरुबिन १.४, अल्ब्युमिन ३.१, आयएनआर १.३, आणि पाण्यापुढे 'माइल्ड'. शुद्ध, बोलणं, झोप व्यवस्थित. दुसऱ्या वेळी ताप होता म्हणून ॲडमिट केलं होतं, रक्त तेव्हाच घेतलं.

मी सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे. दिवसभर लोकांचे सिबिल स्कोअर बघते. सीमारेषेच्या अलीकडे-पलीकडे दोन आकड्यांनी माणसाचं काय होतं ते रोज बघते, म्हणूनच जास्त घाबरलेय. शिवाय या स्कोअरवरून 'किती दिवस' ते कळतं असं वाचलं. कृपया गोडगोड बोलू नका, सरळ सांगा.

---

पर्वती_पायथा

ताई, आईच्या वेळी या सगळ्यातून गेलोय. एकच सांगतो, रात्री दोनला गूगलवर 'सर्व्हायव्हल' शोधणं थांबवा. स्कोअरचं इथले जाणकार सांगतील. सीटीच्या सीड्या (नुसते रिपोर्ट नव्हेत) जपून ठेवा, प्रत्येक नवीन डॉक्टर त्याच मागतो.

खर्चाचं म्हणाल तर गोळ्यांची परिस्थिती पूर्वीपेक्षा कितीतरी बरी आहे. सोराफेनिब ही लिव्हर कॅन्सरची गोळी, ती एकेकाळी महिन्याला २ लाख ८० हजारांच्या घरात होती. २०१२ मध्ये सरकारने हैदराबादच्या नॅटकोला सक्तीचा परवाना (दुसऱ्याचं पेटंट असलेलं औषध बनवायची मुभा) दिला, भारतातला पहिलाच, आणि तेच औषध महिन्याला ८,८८० वर आलं. इम्युनोथेरपीची इंजेक्शनं मात्र अजून महाग आहेत. हॉस्पिटलच्या समाजसेवकाला भेटल्याशिवाय घरची एफडी मोडू नका.

---

यकृतपुराण

मी मुंबईत हिपॅटॉलॉजीत, म्हणजे लिव्हरच्या आजारांच्या विभागात, काम करतो. तुमच्या बाबांना तपासलेलं नाही, त्यामुळे हे फक्त आकड्यांबद्दल.

आधी बेरीज करून बघू. चाइल्ड-प्यूमध्ये पाच गोष्टी आणि प्रत्येकीला १ ते ३ गुण. बिलिरुबिन २ च्या आत, म्हणून १. आयएनआर १.७ च्या आत, १. मेंदूवर परिणाम नाही, १. हे तीन दोन्ही वेळा सारखेच. अल्ब्युमिन ३.५ च्या वर असेल तर १, २.८ ते ३.५ मध्ये असेल तर २. पोटात पाणी नसेल तर १, थोडं असेल तर २. पहिल्या वेळी बेरीज ५, दुसऱ्या वेळी ७. पाच-सहा म्हणजे ए (सगळ्यात बरं), सात ते नऊ बी, दहा आणि त्यापुढे सी. थोडक्यात, दोन्ही डॉक्टरांचं गणित बरोबर आहे. फरक अल्ब्युमिनचा आणि पाण्याचा.

पाण्याचा घोळ आम्हाला रोजचा. पोट तपासून, कुशीवर वळवून, बोटांनी ठोकून पाणी लागलं तरच मोजायचं, की सीटीत लिव्हरच्या कडेला पातळशी रेघ दिसली तरी मोजायचं? डॉक्टरागणिक उत्तर बदलतं. मला वाटतं पहिल्यांनी हाताने तपासून 'नाही' लिहिलं आणि दुसऱ्यांनी सीटीतली रेघ धरली. हे त्यांनाच विचारा, पाच मिनिटांचं काम आहे.

मुळात हा स्कोअर कॅन्सरसाठी बनलेलाच नाही. १९६४ मध्ये चाइल्ड आणि टरकॉट या सर्जनांनी तो मांडला, पोर्टल हायपरटेन्शनच्या (लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेतला वाढलेला दाब) ऑपरेशनमधून कोण तरेल याचा अंदाज घ्यायला. तेव्हा त्यात रुग्णाचं पोषण हाही एक मुद्दा होता, तो डोळ्यांनी बघून ठरवायचा. १९७३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात प्यू आणि मंडळींनी पोषण काढून रक्त गोठण्याचा वेळ घातला. त्यांचे रुग्ण अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव होणारे. सीमा कुठे आखायच्या हे अनुभवाने ठरलं. तरी पन्नास वर्षं आम्ही त्यालाच धरून आहोत, कारण खाटेशेजारी उभं राहून बोटांवर मोजता येतो.

२०१५ मध्ये एएलबीआय हा दुसरा स्कोअर आला, लिव्हर कॅन्सरच्याच रुग्णांवरून बेतलेला. जपान, चीन, युरोप, अमेरिका इथले रुग्ण त्यात होते. दोनच गोष्टी लागतात, अल्ब्युमिन आणि बिलिरुबिन. पाणी, शुद्ध, डॉक्टरचं मत यातलं काही नाही. तुमचे आकडे घातले तर पहिल्या वेळी उणे २.१८ आणि दुसऱ्या वेळी उणे १.७३ येतात. उणे २.६० किंवा त्याहून खाली ग्रेड १, तिथून उणे १.३९ पर्यंत ग्रेड २, त्यावर ग्रेड ३. म्हणजे बाबा दोन्ही वेळा ग्रेड २ च. आकडा हलला, ग्रेड हलली नाही. आणि हेही बघा, चाइल्डने पहिल्या वेळी ५ म्हणजे पैकीच्या पैकी दिले होते, पण एएलबीआय तेव्हाही 'लिव्हर अगदी छान आहे' म्हणत नव्हता. ए मधल्या लोकांची ही आतली फोड करता येते, म्हणून कॅन्सरवाल्यांनी तो उचलला.

आता 'किती दिवस'. तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगतो. हा स्कोअर गाठीबद्दल काहीच बोलत नाही. एका शरीरात दोन आजार आहेत, गाठ आणि सिरॉसिस, आणि स्कोअर फक्त दुसऱ्याचा. आयुष्याच्या अंदाजात तरी तो एवढा का शिरतो? कारण लिव्हर साथ देत असेल तरच गाठीवरचं औषध देता येतं. सोराफेनिब घेणाऱ्या रुग्णांची गिडिऑन नावाची मोठी नोंदणी झाली होती. औषध एकच, पण चाइल्ड ए वाल्यांचं मध्यक आयुष्य १३.६ महिने आणि बी वाल्यांचं ५.२. गाठ एका बाजूने ओढते, लिव्हर दुसऱ्या बाजूने.

मात्र मध्यक म्हणजे अर्धे लोक त्याच्या पुढे गेले. आणि अटेझोलिझुमॅब-बेव्हासिझुमॅब या इम्युनोथेरपीतल्या जोडीचे १९.२ महिने (सोराफेनिबचे १३.४) तुम्ही वाचले असतील, तर त्या चाचणीत फक्त चाइल्ड ए वाले घेतले होते. बी वाल्यांना त्या रांगेत उभंच केलं नव्हतं. म्हणून ए की बी यावर एवढी ओढाताण चालते. बी मध्ये औषध चालत नाही असं सिद्ध झालंय म्हणून नव्हे, तर पुरावा ए चा आहे म्हणून.

माझा एक प्रश्न: हिपॅटायटिस बीची गोळी, टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर, सुरू आहे का? नसेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी ते विचारा.

---

बेदाणा_तासगाव

डॉक्टर, इतकं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. टेनोफोव्हिर दुसऱ्या हॉस्पिटलने सुरू केलं.

एएलबीआयचं सूत्र शोधून एक्सेलमध्ये घातलं (बिलिरुबिनला १७.१ ने गुणायचं आणि अल्ब्युमिनला १० ने, नाहीतर भलतंच उत्तर येतं). सवयीने आकडे खालीवर करून बघितले. बिलिरुबिन १.४ चं थेट दुप्पट, २.८ केलं, तर स्कोअर ०.२० ने बिघडतो. अल्ब्युमिन फक्त पाव ग्रॅमने उतरवलं तरी जवळजवळ तेवढाच बिघडतो! आम्ही तर रोज बाबांचे डोळे पिवळे झाले का तेवढंच बघत होतो. आणि एसजीपीटी? त्याची एवढी चर्चा, पण ते कुठल्याच स्कोअरमध्ये दिसत नाही.

आणखी एक. भाऊ लिव्हर द्यायला तयार आहे. दोन्हीकडे 'नाही' म्हणाले, कारण घाईत सांगितलं.

---

यकृतपुराण

एसजीपीटी म्हणजे पेशी किती फुटताहेत. उरलेल्या पेशी काम किती करताहेत ते त्यातून कळत नाही. जुन्या सिरॉसिसमध्ये ते नॉर्मलही असतं आणि घरचे पेढे वाटतात. अल्ब्युमिन लिव्हरच बनवतं, म्हणून त्याला वजन. बिलिरुबिन सूत्रात लॉगमध्ये आहे, त्यामुळे तुमच्या एक्सेलने दाखवलं ते बरोबर.

प्रत्यारोपणाबद्दल: १९९६ चे मिलान निकष म्हणजे एकच गाठ असेल तर ५ सेंमीपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन आणि प्रत्येक ३ सेंमीच्या आत. बाबांच्या बाबतीत आकारापेक्षा मोठी अडचण शिरेतल्या शिरकावाची आहे. गाठ रक्तवाहिनीत गेली की नवीन लिव्हरमध्ये आजार परतण्याची भीती फार. काही केंद्रं आधी उपचाराने आजार मागे हटवून मग पुन्हा विचार करतात, त्यामुळे 'पुढे कधी शक्य होईल का' हे विचारायला हरकत नाही. आणि देणं-घेणं राहू द्या, भावाची एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी) झालीय का? तुमची? आईची? सगळ्यांनी करा. निगेटिव्ह असाल आणि लस झालेली नसेल तर घ्या. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस कार्यक्रमात तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात.

---

लॅबवाले_काका

आयुष्यभर मिरजेत लॅबमध्ये सुया टोचल्या, आता निवृत्त. बेटा, तू पाव ग्रॅमचं गणित केलंस ते वाचून राहवलं नाही.

३.६ आणि ३.१ ही एकाच लॅबची नाहीत ना? मग त्यांची वजाबाकी करण्याआधी थांब. अल्ब्युमिन मोजायला रंग घालतात. बहुतेक ठिकाणी हिरवा, बीसीजी. काही मोठ्या लॅबमध्ये जांभळा, बीसीपी. हिरवा रंग अल्ब्युमिनबरोबर थोडं ग्लोब्युलिनलाही चिकटतो आणि आकडा फुगवून दाखवतो. सिरॉसिसमध्ये ग्लोब्युलिन वाढलेलंच असतं, म्हणजे जिथे खरा आकडा हवा तिथेच तो जास्त फुगतो. तुझ्या पाव ग्रॅमपेक्षा मोठा फरक नुसत्या रंगाने पडलेला मी बघितलाय. रिपोर्टवर बारीक अक्षरात 'मेथड' छापलेली असते, ती बघ.

दुसरं, पहिल्या वेळी बाबा बसस्टँडवरून चालत येऊन खुर्चीत बसले असतील. दुसऱ्या वेळी खाटेवर पडून होते. उभ्या माणसाच्या रक्तातलं पाणी थोडं बाहेर झिरपतं, रक्त दाट होतं आणि प्रथिनं आठ-दहा टक्के जास्त दिसतात. त्यात ॲडमिट असताना सलाईन चालू होती का? त्याच हातातून रक्त घेतलं असेल तर मग विचारूच नको. पट्टा फार वेळ आवळून ठेवला तरी आकडा चढतो. हे सगळं पुस्तकात असतं, पण सकाळी आठला बाहेर चाळीस माणसं बसलेली असताना कोण बघतो.

तापाचंही आहेच. अंगात जंतुसंसर्ग असला की अल्ब्युमिन उतरतं, लिव्हरचा दोष नसला तरी.

निळ्या बुचाच्या बाटलीकडेही लक्ष दे, आयएनआरची. रेघेपर्यंत भरलेली हवी. अर्धवट भरली की आतलं सायट्रेट (रक्त गोठू न देणारं) जास्त पडतं आणि आयएनआर खोटाच वाढतो. भरली नसेल तर 'दादा, दुसरी घ्या' म्हणायला लाजू नकोस.

---

हिरवी_पाती

एवढी केमिकल्स कशाला? गुळवेलीचा काढा सुरू करा. माझ्या मामांचा एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) महिन्यात नॉर्मल आला होता.

---

यकृतपुराण

कृपया नको. २०२१ मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांचा अहवाल छापला होता. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद इथे नको. पण ज्याच्या लिव्हरमध्ये राखीव असं काही उरलेलं नाही त्याच्यावर हा प्रयोग करायचा नाही, एवढं तरी मान्य करू. मामांना शुभेच्छा.

काकांचा प्रतिसाद आमच्या रेसिडेंट मुलांना वाचायला देणार आहे. त्यात एकच भर: मधे कुठे अल्ब्युमिनची बाटली चढवली असेल तर त्यानंतरचा आकडा स्कोअरसाठी धरू नका, तो लिव्हरने बनवलेला नाही. शरीरात अल्ब्युमिन साधारण तीन आठवड्यांत निम्मं होतं, त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावर निकाल लावण्यात अर्थ नाही. ताप गेल्यावर, एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने दोन-तीनदा केलेल्या तपासण्यांवरून कल बघायचा.

आणि जेवण. लिव्हरचा आजार म्हणून डाळ, दूध, अंडी बंद केली असतील तर आजच सुरू करा. किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. मीठ मात्र कमी, पापड-लोणचं बंद.

---

बेदाणा_तासगाव

अपडेट देते. काकांनी सांगितलं ते तंतोतंत निघालं. पहिल्या रिपोर्टवर बीसीजी, दुसऱ्यावर बीसीपी. सलाईनही चालू होती, कुठल्या हाताला ते आईला आठवत नाही. आणि दुसऱ्या डॉक्टरांना पाण्याबद्दल विचारलं तर हसून म्हणाले, "हो, सीटीतलं धरलं होतं, हाताला लागत नाही."

ताप उतरल्यावर दुसऱ्या वेळच्याच लॅबमध्ये पुन्हा केलं. अल्ब्युमिन ३.३, बिलिरुबिन १.३. पाणी हाताला लागत नाही. म्हणजे चाइल्ड ए६ आणि एएलबीआय उणे १.९२, ग्रेड २. ट्यूमर बोर्डात (वेगवेगळ्या डॉक्टरांची एकत्र बैठक) केस ठेवली. त्यांनी कागदावर दोन्ही स्कोअर लिहिले आणि खाली 'इम्युनोथेरपीचा विचार, एंडोस्कोपीनंतर निर्णय'. बेव्हासिझुमॅबमुळे रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात का ते आधी बघायचं. फुगलेल्या असतील तर बँडिंग (शिरांना रबरी रिंग लावणं) करून मग, किंवा दुसरं औषध.

बाबांनी डॉक्टरांना स्वतः विचारलं, फळछाटणी झालीय, मणी सेट होईपर्यंत बागेत जाऊ का. डॉक्टर म्हणाले जा, औषधाची फवारणी चालू असताना नको. त्या दिवसापासून जरा जेवायला लागलेत.

भावाची एचबीएसएजी निगेटिव्ह, माझीही. लसीचा पहिला डोस दोघांनी घेतला.

गुरुवारी सकाळी एंडोस्कोपी, त्याच दिवशी रक्तही द्यायचंय. काका, एलएफटीला उपाशी राहावं लागतं का? आदल्या रात्री आठनंतर काही द्यायचं नाही असं घरात ठरवून टाकलंय सगळ्यांनी.

---

लॅबवाले_काका

एलएफटीला उपाशी राहायची गरज नाही. एंडोस्कोपीला लागतं, किती तास ते त्यांच्या चिठ्ठीवर असेल, तेवढंच पाळ. रात्री आठपासून उपाशी ठेवू नका, सिरॉसिसच्या माणसाचे स्नायू रात्रीच्या उपासाने झडतात. झोपण्यापूर्वी दूध-भाकरी, नाहीतर गूळ न घातलेली खीर दे, डायबेटिस असेल तर तीही बघून. रक्त एंडोस्कोपीच्या आधी द्या, सलाईनची सुई लागण्यापूर्वी. आणि दहा मिनिटं बसवून मग.